अनुभव धागा: सापसुरळी, पाल, घोरपड... तुम्ही कशाला काय समजलात?

गेल्या पावसाळ्यात आमच्या मागच्या मोरीत, कुंडीखालून बोटभर लांबीचं काहीतरी सळकन् गेलं. अंग तेल लावल्यासारखं चकचकीत, पाय नावापुरते आणि शेपटी चक्क लाल. भाच्याने फोटो काढून फोनमधल्या ॲपला दाखवला. ॲप म्हणालं, सॅलॅमँडर! पंधरा मिनिटांत सोसायटीच्या ग्रुपवर ‘बडोद्यात सॅलॅमँडर’ अशी बातमी झाली. ती मीच टाकली होती, कबूल.

रात्री फोटो मोठा करून बघितला आणि पंचाईत झाली. अंगभर कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले, डोळ्याच्या मागे टाचणीने टोचल्यासारखं कानाचं भोक आणि बोटांना नख्या. सॅलॅमँडर बेडकाच्या गोतातला. आपल्या देशात तो पूर्व हिमालयाकडे सापडतो आणि त्याच्या अंगावर यातलं काहीच नसतं. आमची पाहुणी ठिपकेवाल्या सापसुरळीचं पिल्लू निघाली. लहानपणी तिची शेपटी लाल असते, वाढता वाढता तो रंग उतरतो.

तुमचीही फजिती झाली असेल तर लिहा. कशावरून ओळखलंत तेही लिहा, नुसतं ‘ईऽऽ’ नको.

दांडिया बाजारातून
वाडा जुना, त्यामुळे पालींशी तीन पिढ्यांचा घरोबा. सासूबाई सापसुरळीला ‘सापाची मावशी’ म्हणायच्या आणि दिसली की नमस्कार करायच्या. पाल अंगावर पडली की मात्र आंघोळ! माझी खूण सोपी आहे, डोळा बघायचा. भिंतीवरच्या पालीला पापणी नसते, ती जिभेने डोळा पुसते. सापसुरळी डोळा मिटते. ट्यूबलाइटखाली बसून हे बघायला मला टीव्हीपेक्षा बरं वाटतं.

मांजलपूरहून
काकू, तुमच्या खुणेला अपवाद आहे. पावागडच्या पायथ्याशी रात्री टॉर्च घेऊन फिरताना दगडाजवळ जाड शेपटीची, ठिपक्याठिपक्यांची पाल दिसली आणि तिने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले! घाबरून मीच मागे सरलो. ती बिबट्या पाल. हिला पापण्या असतात, पण बोटांखाली चिकटणाऱ्या गाद्या नसतात, म्हणून घरच्या पालीसारखी गुळगुळीत भिंत चढता येत नाही. लोक हिला विषारी समजून मारतात. विष काडीचंही नाही.

सिंधरोटजवळच्या शेतातून
विषावरून आठवलं. माझ्या हातून झालेली चूक लिहितो. पाइपाच्या ढिगात पिवळट पट्ट्यांचं, वीतभर लांब काहीतरी निघालं. मजूर ओरडले, “साहेब, चंदन घो छे! करडे तो माणस मरी जाय!” (चावली तर माणूस मरतो!) मीही काठी उचलली. तेवढ्यात त्याने जीभ बाहेर काढली, लांब आणि टोकाला दुभंगलेली, अगदी सापासारखी. सरड्याची जीभ अशी नसते, पालीचीही नाही. घोरपडीचं पिल्लू होतं ते. तोवर एक फटका बसलेला होता. पिल्लू लंगडत बांधापलीकडे गेलं, जगलं की नाही कोण जाणे. मोठी घोरपड दिसली की ‘पाटला घो’ म्हणून हसणारी माणसं पिल्लाला विषारी ठरवतात, हे मला अजून कळलेलं नाही. आणि १९७२ च्या कायद्याने तिला वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे, हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं.

कमाटीबागेत रोज चालणारा
लाल डोक्याचा सरडा रक्त पितो, असं आमच्या बाकावर अजूनही म्हणतात. विणीच्या दिवसांत नराचं डोकं नि गळा लाल होतो, एवढंच.

अलकापुरीतून
खरा सॅलॅमँडर मी पाहिलाय, जूनमध्ये दार्जिलिंगकडच्या एका तळ्याच्या काठाला. मला वाटलं होतं, सापसुरळीसारखा चकचकीत असेल. उलटंच! मातकट, खरबरीत, दोन्ही कुशींवर गाठींची रांग. पावलं इतकी हळू टाकत होता की पुढच्या पायाची बोटं मोजता आली, चार. सापसुरळीला तिथे पाच असतात आणि ती मोजू देत नाही. म्हणून माझं मत असं की ‘ओलसर दिसतो का’ हा प्रश्नच चुकीचा आहे. खवले आहेत की नाहीत ते बघा.

शाळेतून
सहावीतल्या एका मुलीने जॅमच्या बाटलीत ‘सॅलॅमँडर’ आणला. चार पाय, शेपटी, खवले नाहीत, नख्या नाहीत. सगळ्या खुणा जुळल्या आणि मीच गप्प झाले. मग तिला विचारलं, हा सापडला तेव्हा किती पाय होते? ती म्हणाली, “मागचे दोन. पुढचे काल रात्री आले.” तिथे उत्तर मिळालं. बेडकाच्या पिल्लाला मागचे पाय आधी दिसतात, सॅलॅमँडरच्या पिल्लाला पुढचे, आणि त्याच्या मानेशी पिसांसारखे कल्लेही असतात. बाटलीत एक दगड टाकून ठेवला. सोमवारी वर्ग उघडला तेव्हा शेपटीचा जेमतेम ठोंब उरला होता आणि स्वारी दगडावर चढून बसली होती. मुलगी जरा हिरमुसली. मग म्हणाली, “मॅडम, तरी माझा बेडूक चारच दिवसांत झाला.”