अमूर्त चित्राचा उगम कुठे, आणि त्याची ओढ नेमकी कशाची?

करवीरकर (प्रश्न)

माझ्या वडिलांनी कोल्हापुरात चाळीस वर्षे दुकानांच्या पाट्या रंगवल्या. गेल्या महिन्यात डोळ्यांच्या तपासणीसाठी त्यांना मुंबईला आणले होते. एक दुपार मोकळी मिळाली, म्हणून आम्ही छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलो. तिथल्या आधुनिक चित्रांच्या दालनात वासुदेव गायतोंडे यांच्या एका कॅनव्हाससमोर मी नेहमीप्रमाणे अवघडून उभा राहिलो. वडील मात्र चष्मा कपाळावर सरकवून चित्राच्या इतके जवळ गेले, की रखवालदाराला त्यांना मागे व्हायला सांगावे लागले. पाच-सात मिनिटांनी ते एवढेच म्हणाले, "हा रंग लावलेला नाही रे, उचललेला आहे. आधी लावला, आणि ओला असतानाच कशाने तरी परत काढून घेतला."

हे चित्र कशाचे आहे, असे त्यांनी एकदाही विचारले नाही. मी मात्र मनातल्या मनात तेच विचारत होतो, आणि उत्तर मिळत नसतानाही तिथून माझा पाय निघत नव्हता.

माझे दोन प्रश्न आहेत. कॅमेरा आला, हुबेहूब चित्र काढण्यात अर्थ उरला नाही, म्हणून चित्रकार अमूर्ताकडे वळले, असे मी आजवर ऐकत आलो आहे. ते कितपत खरे आहे? पहिल्या अमूर्त चित्राचा मान कुणी कँडिन्स्की या रशियन चित्रकाराला देतो, तर कुणी हिल्मा आफ क्लिंट या स्वीडिश चित्रकर्तीला; त्यातले कोण खरे? दुसरा प्रश्न असा, की वडील कारागिरीत रमले आणि मी नाव न देता येणाऱ्या कशात तरी, तर आम्ही दोघे एकच चित्र पाहत होतो का?

उत्तररंग

करवीरकर, कॅमेऱ्याची गोष्ट तारखांच्या हिशेबात टिकत नाही. फ्रान्सच्या दागेरची छायाचित्रणाची पद्धत १८३९ मध्ये जाहीर झाली, आणि ज्यांना निःसंशय अमूर्त म्हणता येईल अशी चित्रे त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी आली. कॅमेऱ्याने व्यक्तिचित्रे काढणाऱ्या अनेकांचा धंदा बसवला हे खरे आहे. पण त्यावर उपाय म्हणून वस्तूच सोडून देण्याची काही गरज नव्हती. फ्रेंच चित्रकार मोनेने वस्तू जागेवर ठेवली आणि तिच्यावर पडलेला उजेड रंगवला.

गंमत अशी, की त्याच मोनेचे गवताच्या गंजीचे चित्र १८९६ मध्ये मॉस्कोच्या प्रदर्शनात कँडिन्स्कीने पाहिले, तेव्हा सूची वाचेपर्यंत ती गंजी आहे हे त्याला ओळखताच आले नाही. आधी तो चित्रकारावर चिडला, आणि मग ते चित्र त्याच्या डोक्यातून जाईना. तो तेव्हा तीस वर्षांचा, कायदा आणि अर्थशास्त्र शिकलेला, विद्यापीठात नोकरी चालून आलेला माणूस होता. ती नाकारून तो चित्रकला शिकायला म्युनिकला गेला. पुढे एका संध्याकाळी आपल्याच चित्रशाळेत परतताना भिंतीला टेकवलेले एक विलक्षण सुंदर चित्र त्याला दिसले, ज्यात रंग आणि आकार होते पण वस्तू कोणतीच कळत नव्हती. जवळ गेल्यावर लक्षात आले, की ते त्याचेच चित्र आडवे ठेवले गेले होते. ही आठवण त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. थोडी मीठमसाला लावलेली असेलही, पण आपल्या चित्रांना वस्तूंची अडचण होते आहे हे त्याला कसे उमगले, ते तिच्यातून कळते.

माझ्या मते खरे कारण वेगळ्या दिशेला आहे. १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले, पाठोपाठ किरणोत्सर्ग सापडला, आणि डोळ्यांना दिसते ते जग म्हणजे वरचा पापुद्रा आहे, ही कल्पना सुशिक्षित युरोपीय माणसाच्या मनात घर करून बसली. अणू फुटू शकतो हे कळल्यावर कँडिन्स्कीला सगळे जगच कोसळल्यासारखे वाटले होते. त्याच सुमारास थिऑसफीचे, म्हणजे दृश्य जगामागे एक सूक्ष्म जग आहे असे मानणाऱ्या गूढवादी पंथाचे, वारे जोरात होते. तिचा आपल्याशी संबंध आपण विसरतो, म्हणून सांगतो: तिचे संस्थापक ब्लाव्हाट्स्की आणि ऑल्कॉट १८७९ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईत आले, गिरगावात राहिले, आणि संस्थेचे मुख्यालय १८८२ च्या अखेरीस मद्रासजवळच्या अड्यारला हलवले. विचारांना आणि भावनांना स्वतःचे रंग व आकार असतात, असे चित्रांसह मांडणारे एक पुस्तक याच मंडळींपैकी ॲनी बेझंट आणि लेडबीटर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी काढले. त्यातल्या काही चित्रांत चर्चच्या छपरावर ऑर्गनच्या संगीताचे रंगीत ढग उठताना दाखवले आहेत. कँडिन्स्कीकडे त्या पुस्तकाचा जर्मन अनुवाद होता, आणि चित्रकार मोंद्रियान १९०९ मध्ये डच थिऑसफिकल सोसायटीचा रीतसर सभासद झाला होता.

म्हणजे अर्थ नको झालेल्या लोकांनी अमूर्त चित्र काढले, ही समजूत उलटी आहे. त्यांना अर्थ इतका हवा होता, की त्यासाठी सफरचंद आणि फुलदाणी अपुरी पडू लागली.

मोंद्रियानची झाडे ओळीने पाहा. पहिले लाल झाड भडक आहे, तरी पाहताक्षणी झाड आहे. १९११ च्या करड्या झाडात फांद्यांच्या कमानी झाल्या आहेत आणि फांद्यांमधली हवाही फांद्यांइतकीच घट्ट रंगवलेली आहे. १९१२ च्या फुललेल्या सफरचंदाच्या झाडात कमानीच उरतात. नाव वाचले नाही तर झाड सापडत नाही. कुठल्या चित्रावर बोट ठेवून इथे झाड संपले असे म्हणायचे, हे मला आजही ठरवता येत नाही. रशियन चित्रकार मालेविचने मात्र असे हळूहळू काही केले नाही. त्याने १९१५ च्या डिसेंबरमध्ये पेट्रोग्राडच्या प्रदर्शनात पांढऱ्यावरचा काळा चौकोन खोलीच्या कोपऱ्यात, छताजवळ टांगला. रशियन घरांत त्या कोपऱ्यात पूज्य प्रतिमा असतात. आपल्याकडे देव्हाऱ्यात जाऊन ठेवण्यासारखेच ते होते, आणि पाहणाऱ्यांना ते लगेच समजले.

नीलमोहर

उत्तररंग यांनी पहिल्या मानाचा प्रश्न बाजूला ठेवला, म्हणून त्यावर लिहिते. हिल्मा आफ क्लिंट (१८६२ ते १९४४) स्टॉकहोमच्या रॉयल अकादमीत शिकलेली होती आणि निसर्गचित्रे, व्यक्तिचित्रे काढून पोट भरत होती. मंदिरासाठीची म्हणून तिने जी मालिका सुरू केली तिचा आरंभ १९०६ चा आहे, आणि १९१५ पर्यंत त्या मालिकेत १९३ कामे झाली. त्यातली दहा सर्वांत मोठी चित्रे १९०७ च्या अखेरीस साधारण दोन महिन्यांत पूर्ण झाली. प्रत्येकाची उंची तीन मीटरहून जास्त, कागदावर टेम्पेरा (अंड्यासारख्या बंधकात कालवलेला रंग), आणि रंग असे, की नारिंगी, फिका जांभळा आणि आकाशी यांची इतकी मोकळी संगत त्या वर्षी युरोपात दुसरीकडे शोधावी लागेल. आपल्या मृत्यूनंतर वीस वर्षे ही कामे कुणाला दाखवू नयेत, असे तिने लिहून ठेवले. ती पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर लोकांपुढे आली ती १९८६ च्या लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात. तोवर कँडिन्स्कीचा पहिला क्रमांक पाठ्यपुस्तकांत छापूनही झाला होता.

तारखेने ती कँडिन्स्कीच्या आधीची आहे यात शंका नाही. तरीही तिच्या पक्षाची असूनही मला एक गोष्ट खटकते. तिच्या चित्रांत गोगलगायीची वळणे, पाकळ्या, अक्षरे आहेत, आणि आपल्याला अदृश्य शक्तींकडून आलेले निरोप आपण उतरवून घेत आहोत अशी तिची श्रद्धा होती. निळा म्हणजे स्त्रीतत्त्व, पिवळा म्हणजे पुरुषतत्त्व, असा अर्थही तिने ठरवलेला होता. असे चित्र तिच्या दृष्टीने अमूर्त नव्हतेच. ते नकाशासारखे होते, फक्त प्रदेश न दिसणारा. कँडिन्स्कीला निदान आपण काहीतरी सोडतो आहोत याची जाणीव होती. त्यामुळे पहिले कोण, या प्रश्नापेक्षा कुणी काय सोडले, हा प्रश्न मला जास्त उपयोगाचा वाटतो.

ओला कॅनव्हास

करवीरकर, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. मी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलो, आणि त्यांनी सात मिनिटांत जे पाहिले ते कळायला मला दोन वर्षे लागली होती.

गायतोंडे (१९२४ ते २००१) मूळ गोव्याच्या कुटुंबातले, जन्म नागपूरचा, वाढले गिरगावातल्या चाळीत, आणि जे. जे. मधून त्यांनी १९४८ मध्ये पदविका घेतली. आधी ते आकृती काढत. चित्रकार पॉल क्ली त्यांचा आवडता होता. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस आकृती गेल्या आणि कुंचलाही मागे पडला. रोलर आणि पॅलेट नाइफ ही त्यांची हत्यारे झाली. पातळ तैलरंगाचा थर रोलरने फिरवायचा, तो वाळण्यापूर्वी सुरीने खरवडायचा, पुन्हा थर द्यायचा. पुढे त्यांनी वर्तमानपत्रांचे आणि मासिकांचे फाडलेले कपटे वापरले: ते रंगावर ठेवायचे, वरून रोलर फिरवायचा आणि उचलायचे. कपट्याबरोबर रंग निघून येतो आणि खालचा थर फाटक्या कडेसह उघडा पडतो. वडील ज्याला उचललेला रंग म्हणाले तो हाच. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा चित्रे व्हायची, कारण बराचसा वेळ कोऱ्या कॅनव्हासकडे पाहण्यात जाई. ते स्वतः आपल्या चित्रांना अमूर्त म्हणत नसत, वस्तुनिरपेक्ष म्हणत.

आता ओढीबद्दल. अमूर्त चित्र म्हणजे रंगांचा आलाप, असे आपल्याकडे लगेच म्हटले जाते, आणि कँडिन्स्कीही संगीताचाच दाखला देत असे. मला ही उपमा पूर्ण पटत नाही. यमन ऐकताना मागे तानपुरा षड्ज धरून बसलेला असतो, म्हणून गायक निषादावर रेंगाळला की आपण कासावीस होतो. चित्राला असा तानपुरा नाही. फार तर कॅनव्हासच्या चार कडा ते काम करतात. गायतोंड्यांच्या उभ्या कॅनव्हासवर कुठेतरी आडवी रेघ चमकली की डोळा लगेच वर उजेड आणि खाली पाणी पाहू लागतो, आणि दुसऱ्याच क्षणी ते पाणी पुन्हा रंग होते. वस्तू शोधणारी नजर अशी परत परत माघारी येते, तेव्हा तिला पाहण्यासारखे उरते ते एकच: हा रंग इथे कसा आला. आधी कोणता थर, मग कोणता, हात कुठे थांबला. वडील ते जवळून वाचत होते आणि नावे देत होते. तुम्ही लांबून वाचत होता आणि तुमच्याकडे नावे नव्हती. चित्र एकच होते.

पाटीपेन्सिल

यावर एका अभ्यासाची भर घालतो. २०११ मध्ये अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी नामवंत अमूर्त चित्रकारांची चित्रे आणि लहान मुले, माकडे, हत्ती यांनी केलेली रंगकामे जोड्या लावून लोकांना दाखवली. काही जोड्यांवर मुद्दाम चुकीची नावे लावली होती. कलेचे शिक्षण नसलेल्यांनीही चित्रकाराचे काम निम्म्याहून स्पष्टपणे अधिक वेळा ओळखले किंवा पसंत केले, आणि नाव चुकीचे असतानाही हा कल टिकला. कारणे देताना ते योजना आणि हेतू यांविषयी बोलत होते. सगळ्या जोड्या मात्र कुणालाच ओळखता आल्या नाहीत, त्यामुळे "हे तर आमचा बंटीही काढेल" म्हणणाऱ्यांना थोडी जागा शिल्लक आहे.

करवीरकर

सर्वांचे मनापासून आभार. काल फोनवर वडिलांना ओला कॅनव्हास यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. गोव्याचे, गिरगावचे त्यांनी ऐकून घेतले. कपट्यांचे कळल्यावर मात्र ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, की पाटीवरचे अक्षर चुकले की तेही ओल्या रंगावर वर्तमानपत्र दाबून रंग उचलत, आणि खाली उरलेला डाग कधी कधी अक्षरापेक्षा बरा दिसे, पण गिऱ्हाईक तो ठेवू देत नसे.

त्यांची एक शंका आहे, ती जाणकारांसाठी इथे लिहितो. तो रोलर रबराचा असेल की लोकरीचा? लोकरीचा असेल तर इतका पातळ थर डाग न पडता कसा बसला, हे त्यांना समजून घ्यायचे आहे.