मदत हवी आहे: हळदीचा पिवळा पट्टा कागदावर चढतो, पण तो हळदीचाच आहे हे ओळखायचं कसं?

नमस्कार मंडळी,

मी नववीला विज्ञान शिकवते. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी वर्गातल्या मुलींनी 'हळदीतली रंगाची भेसळ' हा विषय घेतलाय आणि तो क्रोमॅटोग्राफीने (कागदावर द्रावक चढवून रंग वेगळे करण्याच्या पद्धतीने) करायचा असं त्यांनीच ठरवलंय. आमचा भागच हळदीचा, त्यामुळे मुली मनापासून लागल्या आहेत. मलाही हे नीट व्हायला हवंय.

स्केचपेनच्या काळ्या शाईचा प्रयोग मस्त होतो. फिल्टर पेपरच्या पट्टीवर ठिपका द्यायचा, पट्टीचं टोक पाण्यात सोडायचं, थोड्या वेळात काळ्यातून वेगवेगळे रंग बाहेर. कागद जागेवर राहतो, पाणी वर चढतं, जो रंग पाण्यात जास्त रमतो तो पुढे जातो आणि जो कागदाला धरून राहतो तो मागे पडतो, इतकं मुलींना पक्कं समजलंय.

हळदीपाशी मात्र अडलंय. हळद स्पिरिटमध्ये ढवळून, गाळ बसल्यावर वरचं पिवळं पाणी घेतलं आणि पट्टी स्पिरिटमध्येच चालवली. स्पिरिट ८ सेंमी चढलं, पिवळा पट्टा ६.८ सेंमीवर, म्हणजे आरएफ (रंगाने कापलेलं अंतर भागिले द्रावकाने कापलेलं अंतर) ०.८५. इंटरनेटवर कर्क्युमिनचे, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या रंगद्रव्याचे, आकडे प्रत्येक ठिकाणी वेगळे. बाजारातली सुटी हळद लावली तर तिचाही पट्टा साधारण तिथेच. मग ती शुद्ध म्हणायची का? आणि क्लोरोफॉर्मसारखं काही शाळेत आणायचं नाही, तर दुसरा द्रावक कोणता? कृपया जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

ताई, विषय फार चांगला आहे. मी बरीच वर्षं अन्नपदार्थ तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आरएफ. हा आकडा त्या पदार्थाचा कायमचा गुणधर्म नसतो. कागद बदलला, स्पिरिटमधलं पाणी कमी-जास्त झालं, बरणीचं झाकण उघडं राहिलं, हवा तापली की तो हलतो. त्यामुळे इंटरनेटवरच्या आकड्याशी जुळवत बसू नका. ज्याची खात्री आहे तो नमुना त्याच कागदावर, त्याच रेषेवर, शेजारी लावा. तुमच्याकडे ती सोय घरचीच आहे: स्वतः हळकुंड कुटून केलेली हळद. तीन ठिपके द्या: घरची हळद, बाजारची हळद आणि मधल्या ठिपक्यात दोन्ही एकावर एक. मधला ठिपका चालल्यावर फुटून दोन झाला, तर दोन्हींत फरक नक्की आहे. नाही फुटला, तर इतकंच म्हणता येतं की या द्रावकात फरक दिसला नाही. 'शुद्ध आहे' असं तक्त्यावर लिहू देऊ नका.

आता द्रावक. स्पिरिटमध्ये कर्क्युमिन इतकं सहज विरघळतं की ते जवळजवळ द्रावकाबरोबरच पळतं. वर गर्दी झाली की फरक दिसणार कसा? म्हणून उलटं करा. अर्धा लिटर पाण्यात पाव चमचा मीठ घाला आणि पट्टी त्यात चालवा. कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, ते पेन्सिलच्या रेषेवरच बसून राहील. पाण्यात विरघळणारा रंग वर निघून जाईल. शेजारी खाण्याचा पिवळा रंग लावा, पाकिटावर टार्ट्राझिन किंवा १०२ लिहिलेला. घरच्या हळदीत मुलींनी स्वतः हा रंग चिमूटभर मिसळून तिसरा ठिपका द्यावा. एक पिवळा खाली, एक पिवळा वर, हे बघताना मुलींना जे कळेल ते सांगून कळणार नाही. हळदीतली कुप्रसिद्ध भेसळ म्हणजे मेटॅनिल यलो, पण तो शाळेत आणू नका. तो खाण्यासाठी बंदी असलेला रंग आहे.

पट्टी वाळली की ओळखण्याचे दोन उपाय आहेत. धुण्याच्या सोड्याचं पाणी कापसाने ठिपक्यावर टेकवा. हळदीचा ठिपका लालसर तपकिरी होतो (हळद आणि चुन्यापासून कुंकू होतं ते याचमुळे), टार्ट्राझिनचा तसा होत नाही. दुसरं, दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो, तो अंधारात पट्टीवर धरा. कर्क्युमिन हिरवट पिवळं चमकतं. सोडा लावण्याआधी दिवा बघा. उंची, सोडा आणि दिवा, तिन्ही एकच सांगत असतील तर ओळख बऱ्यापैकी भक्कम.

प्रतिसाद २

वरच्या सरांचं पटलं. एक भर घालतो. जवळच्या कॉलेजात सिलिकाच्या पातळ थराच्या प्लेटा असतील आणि तिथल्या सरांनी स्वतः करून दाखवलं, तर क्लोरोफॉर्म ९५ भाग आणि मिथेनॉल ५ भाग यात अस्सल हळदीचेच तीन पिवळे ठिपके पडतात. सगळ्यात वर कर्क्युमिन, त्याखाली त्याचीच दोन भावंडं. त्यामुळे जास्तीचा ठिपका म्हणजे भेसळ, असं मुलींच्या मनात बसू देऊ नका.

आणि लेड क्रोमेट, म्हणजे आणखी एक पिवळा भेसळीचा रंग. बांगलादेशातल्या हळदीत ते मिसळलं जात असल्याचं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. त्यात शिसं असतं, मुलांच्या मेंदूला घातक. ते ना स्पिरिटमध्ये विरघळतं ना पाण्यात, त्यामुळे तुमच्या बरणीच्या तळाशी गाळातच राहील आणि कागदावर येणारच नाही. तक्त्यावर 'ही पद्धत काय पकडू शकत नाही' असा एक चौकोन जरूर ठेवा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! आज मिठाच्या पाण्यात केलं. हळद रेषेवरच राहिली, टार्ट्राझिन वर गेला, मिसळलेल्या ठिपक्यातून दोन्ही वेगळे झाले. दिव्याखाली रेषेवरचा ठिपका चमकल्यावर मुली ओरडल्याच. एकच शंका राहिली: टार्ट्राझिनचा ठिपका गोल न राहता खाली लांब शेपूट सोडतो. का?

प्रतिसाद १

रंग जास्त पडतोय, ताई. तो आणखी पातळ करा. काडीपेटीच्या काडीऐवजी टूथपिकचं टोक वापरा, ठिपका दोन मिलिमीटरपेक्षा मोठा नको. एकदा टेकवा, वाळू द्या, फिका वाटला तर पुन्हा त्याच जागी टेकवा. रेषा पाण्याच्या पातळीच्या वर हवी आणि पट्टी बरणीच्या काचेला चिकटता कामा नये. स्पिरिटची पट्टी पुन्हा केलीत तर खिडक्या उघड्या ठेवा आणि दिवा-बर्नर त्या खोलीत नको.