मान धरली आहे: घरी काय करावं, डॉक्टरांकडे कधी जावं?

अबोली:
दिवसभर लॅपटॉपवर काम असतं. परवा सकाळपासून मान उजवीकडे वळत नाही, कळ पाठीच्या पात्यापर्यंत जाते. मुंग्या नाहीत, ताप नाही, कुठे पडझड नाही. पट्टा लावावा का? एक्स-रे? घरचे म्हणतात उशीच काढून टाक. जाणकारांनी सांगावं.

सह्यकडा:
पट्टा नको, त्याने मान आणखी आखडते. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून १५-२० मिनिटं शेका, दिवसातून तीनदा. शेकल्यावर लगेच मान सावकाश दोन्हीकडे वळवा, कळ सुरू होते तिथे थांबा. झटके देऊ नका.

एक-दोन दिवसांत जरा सैल झाली की हनुवटी मागे घेण्याचा व्यायाम करा: ताठ बसा, नजर समोर, हनुवटी सरळ मागे, ५ सेकंद धरा, १० वेळा. बरेच जण मागे घेण्याऐवजी मान खाली घालतात. हनुवटीला बोट टेकवून ठेवा. बोट जागेवर राहून चेहरा मागे सरकला तर बरोबर.

उशी काढू नका. कुशीवर झोपताना कान आणि खांदा यांमधली पोकळी भरेल एवढी जाड हवी, उताणं झोपताना पातळ. पालथं झोपणं सध्या बंद.

निरगुडी:
लॅपटॉपखाली पुस्तकं रचा, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आली पाहिजे. पण कीबोर्ड वेगळा घ्याच, नाहीतर हात उचलून टाइप करताना खांदे वर चढतात आणि दुखणं तिथे जातं. दर अर्ध्या तासाने उठा.

आणि कळकळीने सांगते, सलूनमध्ये मान कडकन मोडून घेऊ नका. त्या झटक्याने मेंदूला रक्त नेणारी मानेतली धमनी आतून फाटू शकते. क्वचित होतं, पण झालं तर थेट पक्षाघात.

वैद्यकीय_वाचक:
एक्स-रे आत्ता नको. चाळिशीनंतर मणक्यांची झीज न दुखणाऱ्या मानेतही दिसते, उगीच धास्ती बसते. गरज पडली तर पॅरासिटामॉल ५००, दोन डोसांत किमान ६ तास, यकृताचा त्रास असेल तर आधी विचारून. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर मनाने घेऊ नका.

कळ किती आहे यापेक्षा हाताकडे आणि चालीकडे लक्ष ठेवा. अंगठा किंवा मधलं बोट बधिर होत असेल तर मानेतली नस दबलेली असू शकते, आठवड्याभरात दाखवा. हाताची ताकद कमी झाली, शर्टाची बटणं लागेनात, सही बदलली, चालताना तोल जातो, लघवीवर ताबा राहत नाही, तर मज्जारज्जूवर दाब असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

ताप, तीव्र डोकेदुखी आणि हनुवटी छातीला टेकत नाही, अपघातानंतरची मानदुखी, अचानक कळ येऊन तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, छातीत दाब आणि घाम: यांत १०८ ला फोन करा. अपघात असेल तर मान हलवू नका.

रात्री झोपू न देणारं दुखणं, वजन घटणं, संध्याकाळचा बारीक ताप असेल तर मणक्याच्या टीबीची तपासणी हवी.

अबोली:
बटणं, सही सगळं ठीक आहे. स्कूटर चालवू का?

सह्यकडा:
खांद्यावरून मागे वळून बघता येईपर्यंत नको. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.