व्हीआरमध्ये रायगड दाखवला, आईला गाडी लागली

रानवाट
नमस्कार मंडळी, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रायगडाचा सीन केलाय, युनिटी या गेम इंजिनातून क्वेस्ट २ या व्हीआर (आभासी जग दाखवणाऱ्या) हेडसेटवर टाकलाय. दोन मिनिटांचं ॲनिमेशन आहे, कॅमेरा महादरवाज्यातून आत येतो, बाजारपेठेवरून उडत जातो आणि टकमक टोकावर गर्रकन वळून थेट दरीत. लॅपटॉपवर भारी दिसतं, पण आईने हेडसेट घातला आणि टोक यायच्या आधीच काढून टाकला, म्हणाली घाटात एसटीत बसल्यासारखं मळमळतंय. एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) ७२ स्थिर आहे, एकही फ्रेम पडत नाही. मग चुकतंय कुठे?

कीफ्रेमवाला
९० वर टाकून बघ, मला फरक पडला होता.

उलटी_गंगा
९० ने थोडं बरं वाटेल पण दुखणं ते नाहीये. एसटीत पुस्तक वाचताना तोल सांभाळणारा आतला कान सांगतो गाडी हलतेय आणि डोळे सांगतात पान जागेवर आहे, म्हणून मळमळतं. व्हीआरमध्ये बरोबर उलटं, आई खुर्चीवर ढिम्म बसलीये आणि डोळे म्हणतायत मी उडतेय. वर तू कॅमेरा वळवलास म्हणजे तिची मान धरून फिरवलीस. वळणं आधी काढ. आणि कॅमेऱ्याच्या पाथला ईझ-इन ईझ-आउट (हळूहळू वेग घेणं, हळूहळू थांबणं) दिलंयस ना?

रानवाट
हो मग, त्याशिवाय स्मूथ कसं वाटणार

उलटी_गंगा
तिथेच गोम आहे. आपल्याला पहिल्या दिवसापासून ईझिंग शिकवतात आणि इथे नेमकं तेच नडतं. कानाला वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो, तो बदल तू दोन-तीन सेकंद ताणून डोळ्यांना दाखवतोस आणि कानाला काहीच लागत नाही. लिनियर लाव, झटकन सुरू, एकच वेग, झटकन बंद. स्क्रीनवर गचाळ दिसेल, दिसू दे. झेंड्यांना, माणसांना ईझिंग खुशाल ठेव, भांडण फक्त कॅमेऱ्याशी आहे.

कोपऱ्यातली_खुर्ची
मी तर उडवणंच सोडलं. बाजारपेठेत उभं करा, काळा फेड द्या (दृश्य हळूच काळं करा), मग नगारखान्यासमोर. मागे बघायला लावायचंय तर मागून नगारा वाजवा, स्पेशियल ऑडिओ (ज्यात आवाज कुठल्या दिशेने येतोय ते कळतं) असला की माणूस आपणहून वळतो आणि स्वतः वळवलेल्या मानेचा त्रास होत नाही. दरी दाखवायचीच असेल तर रोपवेच्या ट्रॉलीत बसवा, खिडकीची चौकट समोर स्थिर राहिली की डोळ्यांना आधार मिळतो. फक्त ट्रॉली झुलवू नका हां, मी झुलवली होती आणि क्लायंट नुकताच जेवून आला होता 🙈

रानवाट
दोन दिवसांनी अपडेट. वळणं काढली, लिनियर केलं, टकमकला फेड दिला, आईने पूर्ण बघितलं!! आता म्हणते सगळं छान आहे पण मी एवढीशी का झालेय, दरवाज्यापुढे लहान पोरासारखं वाटतंय.

उलटी_गंगा
ती खुर्चीवर बसून बघतेय आणि तुझं ट्रॅकिंग फ्लोअरवर असणार, म्हणजे हेडसेट डोळ्यांची उंची खऱ्या जमिनीपासून धरतो. म्हणजे तिचे डोळे चारेक फुटांवर आणि सीन बांधलायस उभ्या माणसासाठी. बसून बघणाऱ्यासाठी कॅमेरा वर घे. तरी तसंच वाटलं तर स्केल तपास, युनिटीत १ युनिट म्हणजे १ मीटर, एखादी पायरी मोजून बघ गुडघ्याएवढी तर नाही ना झालीये.