अठरा पूर्ण झाली की आईबाप परके?

कोकणकडा: काल एका धाग्यावर वाचलं, 'अमेरिकेत कायदाच पालकांना कॉलेजचे मार्क बघू देत नाही, म्हणून तिथली कुटुंबं मोडतात.' रात्रभर डोक्यात बसलं. अहो, फर्पा, म्हणजे तिथला विद्यार्थ्यांच्या रेकॉर्डच्या गोपनीयतेचा कायदा, १९७४ चा आहे, जरा वाचा तरी. शाळेपुरता रेकॉर्डचा हक्क आईबापाचा; अठरा पूर्ण झाली किंवा कॉलेजात पाऊल टाकलं की मुलाचा. त्याने संमतीची सही दिली, विषय संपला. टॅक्समध्ये तो तुमच्यावर अवलंबून असेल तर कॉलेज त्याला न विचारताही सांगू शकतं. (शकतं. सांगायलाच हवं असं नाही.) तेव्हा कायद्याच्या नावाने खडे फोडण्याआधी घरात विचारा, सही का मिळत नाही.

वरणफळ: तो 'एक धागा' माझाच. विचारलं होतं सहीचं. 'बाबा, विश्वास नाही का?' एवढंच उत्तर. पोर्टलवर मला फी भरायचं बटण दिसतं, ग्रेड दिसत नाहीत. लेक कमी ग्रेडमुळे प्रोबेशनवर (कॉलेजच्या ताकिदीखाली) आहे हे मेमध्ये कळलं, तिचं सामान गाडीत भरताना!

शेंगदाणा: इकडे नेमकं उलट. पुण्यात इंजिनिअरिंगला होतो, हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली म्हणून जीएफएमनी (आमच्या वर्गावर लक्ष ठेवणारे पालक-शिक्षक) थेट घरी फोन लावला. बाबा सोलापूरहून एसटीने आले आणि केबिनमध्ये हात जोडून उभे राहिले. मी वीस वर्षांचा, मतदान करून आलेला. डेंगीचं सर्टिफिकेट सरांच्याच ड्रॉवरमध्ये पडून होतं.

खडू_डस्टर: आता जीएफएमवर घसरा! फोन केला तर हुकूमशहा, नाही केला तर पालक केबिनमध्ये, 'आधी का नाही कळवलं?' आणि पोरं नंबर कुणाचे देतात ते मला विचारा. एका 'वडिलांना' फोन लावला, तो मागच्या बाकावर वाजला.

शेंगदाणा: ते बेस्ट होतं, मानलं. पण सज्ञान मुलाची हजेरी घरी कळवायचा नियम कुठला?

खडू_डस्टर: नियम कसला, प्रथा आहे. प्रवेशाच्या फॉर्मवर पालकांची सही कशाला घेतात मग?

शेंगदाणा: फॉर्मवर सही म्हणजे पोरगं गहाण? आपल्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही 'मूल' म्हणजे अठराच्या आतलंच.

कोकणकडा: धागा फर्पाचा होता हो.

पिंपळपान: फर्पाचंच सांगते. भाचा तिकडे शिकत होता, तीन आठवडे खोलीबाहेर आला नाही. ताई रोज फोन करायची, ऑफिसातून एकच उत्तर, 'प्रायव्हसी'. शेवटी रूममेटने कळवलं. तुम्ही बसा कलमं वाचत!

कोकणकडा: जिवाला धोका असेल तर अपवाद आहे. कॉलेज कळवू शकतं.

पिंपळपान: 'शकतं.' तुमचाच शब्द.

कोकणकडा: ...बरं. तेवढ्यापुरतं मान्य. सगळं त्या ऑफिसातल्या माणसाच्या मर्जीवर सोडलंय, हे वाईटच.

वरणफळ: म्हणजे माझं बरोबर होतं.

कोकणकडा: तुमचं नाही, त्यांच्या ताईंचं.

शेंगदाणा: सर, मागच्या बाकावरच्या त्या 'वडिलांना' परीक्षेला बसायची टर्म ग्रँट मिळाली का?