अँटीफाउलिंग रंग लावूनही बोटीच्या तळाला शेवाळ आणि बार्नॅकल बसतातच, काय चुकतंय?

संथपाणी:
नमस्कार मंडळी, प्रश्न जुनाच आहे पण नीट उत्तर कुठे मिळत नाहीये म्हणून इथे टाकतोय. फायबरची छोटी शिडाची बोट आहे, आत छोटं डिझेल इंजिन. बारा महिने खाऱ्या पाण्यात मुरिंगवर (किनाऱ्यापासून दूर, नांगरलेल्या बोयाला बांधलेली), आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळ उभीच असते, सुट्टीला जमलं तर बाहेर पडतो. मागच्या वेळी वर काढली तेव्हा तांब्याचं अँटीफाउलिंग, म्हणजे तळावर जीव बसू नयेत म्हणून मारतात तो रंग, लावून घेतलं, मऊ प्रकारचं, हळूहळू झिजत जाणारं. सुरुवातीला तळ एकदम छान होता. आता वॉटरलाइनला, म्हणजे पाणी टेकतं त्या रेषेला, हिरव्या शेवाळाची झालर लटकतेय, खाली कुठेही हात फिरवला की बुळबुळीत लागतं, आणि सुकाणूच्या कडांना आणि पंख्यावर (प्रोपेलरवर) बार्नॅकल, म्हणजे ते कडक कवचाचे चिकटणारे जीव, बसलेत, ते तर इतके घट्ट की नखाने हलतसुद्धा नाहीत. नेहमीच्या आरपीएमला बोट पळतच नाही.

रंगच बोगस निघाला का? पाण्यात उतरून ताठ ब्रशने सगळं घासून काढलं तर चालेल का? आणि सिलिकॉनचं कोटिंग किंवा ते अल्ट्रासॉनिक यंत्र कुणी वापरलंय का, नुसतीच जाहिरात आहे की खरंच उपयोग होतो?

तळघासू:
रंगाला लगेच दोष देऊ नका. तुम्ही जे लिहिलंय त्यात उत्तर अर्धं आलेलंच आहे, बोट उभी असते.

मऊ रंगाचं काम कसं चालतं बघा. त्यात क्युप्रस ऑक्साइड हे तांब्याचं संयुग असतं, काही रंगांत तर वजनाच्या निम्म्याहून जास्त. वरचा थर पाण्याच्या घर्षणाने झिजतो, खालचं ताजं तांबं उघडं पडतं, त्याचे आयन पाण्यात सुटतात आणि बसायला आलेल्या जीवांना ते सोसत नाहीत. बोट चाललीच नाही तर वरचा निर्जीव झालेला थर तिथेच राहतो आणि त्यावर बुळबुळीत थर जमतो. हा थर म्हणजे बॅक्टेरिया आणि डायटम (एकपेशीय सूक्ष्म शेवाळ), स्वच्छ पृष्ठभाग पाण्यात गेला की काही तासांत याची सुरुवात होते, कुठलाही रंग असो. त्यातले बरेच डायटम तांब्याला फारसे दाद देत नाहीत. एकदा तो थर जाड झाला की खालचं तांबं पाण्यापर्यंत पोचायलाच अडचण, आणि मग शेवाळ, नळीवाले किडे, बार्नॅकल सगळे येतात.

बार्नॅकलचं पिल्लू तर फार चोखंदळ असतं. शेवटच्या अवस्थेत ते काही खात नाही, मिशांसारख्या दोन अवयवांनी पृष्ठभागावर अक्षरशः चालत चालत जागा तपासतं, पसंत पडली की डोक्याच्या बाजूने गोंद सोडून चिकटतं, ते कायमचंच. आणि जिथे आधी त्याच्या जातीचे बसलेत तिथेच बसायची त्याची ओढ असते. म्हणून पहिले दोनचार दिसले तेव्हाच काढायचे, नंतर बघू म्हटलं की वस्ती होते.

ताठ ब्रश अजिबात नको. मऊ रंगावर ताठ ब्रश मारलात तर पाण्यात रंगाचा ढग उठलेला तुम्हालाच दिसेल, म्हणजे महिनोनमहिने पुरायचा रंग एका सकाळी पाण्यात गेला, आणि ते तांबं खालच्या जीवांच्या अंगावर गेलं ते वेगळंच. जुन्या कार्पेटचा तुकडा किंवा मऊ मायक्रोफायबर घ्या, हलक्या हाताने पुसा, नुसता बुळबुळीत थर निघाला पाहिजे. तो या अवस्थेत असतानाच पुसला तर जोर लावावाच लागत नाही. पाणी कोमट असेल त्या ऋतूत लवकर लवकर, थंड असेल तेव्हा उशिरा चालतं. आणि आधी तुमच्या बंदरात पाण्यात तळ घासायला परवानगी आहे का ते विचारा, बऱ्याच ठिकाणी तांब्याच्या रंगाचा तळ पाण्यात घासायला बंदी असते.

पंखा आणि सुकाणूचा विषय वेगळा आहे. पंख्यावर तो रंग टिकतच नाही, फिरून फिरून निघून जातो, आणि धातूच्या पंख्यावर तो मारूही नये. त्यासाठी वेगळं सिलिकॉनचं कोटिंग मिळतं, गुळगुळीत असतं, बार्नॅकल बसला तरी पकड धरत नाही. सुकाणूच्या कडा, कीलचा (तळाखालच्या कण्याचा) पुढचा भाग, वॉटरलाइन इथे पाणी सगळ्यात जास्त घासतं आणि कडेवर रोलर फिरवला की रंग मुळातच पातळ बसतो. तिथे दोन हात जास्तीचे द्यायचे असतात. वॉटरलाइनला तर ऊनही मिळतं म्हणून शेवाळ तिथेच आधी येतं. पुढच्या वेळी पहिला हात वेगळ्या रंगाचा द्या, समजा लाल, आणि वरचे निळे. लाल दिसायला लागला की त्या जागी रंग संपत आलाय हे कुणाला विचारायला नको.

डेकवरून:
सहमत, पण एक बोलतो. पूर्वीचे कथिलवाले रंग होते ना, टीबीटी, त्यांच्यासमोर आताचे काहीच नाहीत. एकदा लावला की वर्षानुवर्षं तळ कोरा. बंद केले आणि आता सगळ्यांनाच हा त्रास.

सिलिकॉनबद्दल, ते विष सोडत नाही, जीवांना धरायलाच देत नाही. पण चिकटलेलं सुटून जायला पाण्याचा जोर लागतो, म्हणजे बोट बऱ्यापैकी वेगात आणि वारंवार चालली पाहिजे. रोज पळणाऱ्या बोटींना छान. तुमच्यासारख्या उभ्या बोटीवर बसायचं ते बसेल, फक्त पुसायला सोपं जाईल. शिवाय ओरखडा पडला की दुरुस्ती कटकटीची आणि त्यावर नंतर दुसरा रंग धरत नाही, सगळं काढावं लागतं. अल्ट्रासॉनिक माझ्याकडे आहे, बुळबुळीत थर आणि शेवाळ कमी झाल्यासारखं वाटतं पण बार्नॅकल पूर्ण थांबले असं म्हणणार नाही. रंगाला जोड म्हणून ठीक, रंगाच्या ऐवजी नाही. आणि ते भरीव फायबरमधून बरं चालतं, लाकडात किंवा मधे फोम असलेल्या सँडविच तळात आवाज मुरतो.

सागवानी:
@डेकवरून, टीबीटीची हळहळ कृपया नको. ते चालायचं हे खरं, पण काय किंमत देऊन ते विसरू नका. फ्रान्समध्ये आर्काशों म्हणून खाडी आहे, कालवांच्या शेतीसाठी प्रसिद्ध. १९७० च्या दशकाच्या शेवटी तिथे कालवांचं बीज जगेना आणि मोठ्या कालवांच्या शिंपा जाड, वेड्यावाकड्या व्हायला लागल्या, अख्खा धंदा बसला. कारण बोटींच्या तळाचा रंग. १९८२ मध्ये फ्रान्सने लहान बोटींवर बंदी आणली. समुद्री गोगलगायींच्या माद्यांना तर नराचे अवयव फुटायला लागले, काही ठिकाणी त्या पार नाहीशा झाल्या, आणि तेसुद्धा पाण्यात अगदी नगण्य प्रमाण असताना. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला, सप्टेंबर २००८ पासून लागू झाला, आणि माझ्या मते उशीरच झाला. २०२३ पासून सायब्युट्रीन नावाचं शेवाळनाशकही त्याच करारात बंद झालंय. ज्या पाण्यावर आपण मौजेसाठी जातो त्यातल्या जीवांवर आपल्या तळाचं ओझं किती टाकायचं हा प्रश्न प्रत्येकाने विचारलाच पाहिजे.

तांबंही काही अमृत नाही, पण ते काम कसं करतं ते समजून घेतलं तर कमी लागतं. आणि ही समज जुनी आहे. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये अलार्म नावाच्या जहाजाला तांब्याचे पत्रे ठोकले, तळ स्वच्छ राहिला पण पत्र्याला लागून असलेले लोखंडी खिळे गंजून खाल्ले गेले. पुढे पत्रेच झिजतात म्हणून रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीला विचारलं, त्याने १८२४ च्या सुमारास पत्र्याला लोखंडाचे तुकडे जोडायला सांगितले. तांबं झिजायचं थांबलं. आणि लगेच तळावर शेवाळ आणि शिंपले बसायला लागले! म्हणजे तांबं झिजतं म्हणूनच तळ स्वच्छ राहतो, झीज थांबली की काम थांबलं. संथपाणी यांच्या उभ्या बोटीवर दुसऱ्या कारणाने तेच झालंय.

माझी बोट लाकडी आहे, आम्हाला वेगळीच भीती असते. लाकूड पोखरणारा शिंपल्याच्या जातीचा किडा, टेरेडो. रंग उडालेल्या टाचणीएवढ्या जागेतून पिल्लू आत शिरतं, बाहेरून फक्त बारीक भोक दिसतं आणि आत फळी पोकळ. त्यामुळे लाकडी बोटवाल्यांनी कीलच्या खालची बाजू, जिथे बोट टेकवलेली असते आणि रंगाचा ब्रश पोचतच नाही, ती जागा हमखास ठोकळे सरकवून रंगवायची.

डेकवरून:
कालवांचं माहीत नव्हतं, धन्यवाद. मुद्दा मान्य.

हलकाधातू:
कुणी ॲल्युमिनियमच्या बोटीवाला हा धागा वाचत असेल तर थांबा, वरचा सल्ला तसाच्या तसा उचलू नका. क्युप्रस ऑक्साइडचा रंग ॲल्युमिनियमवर लावला आणि कुठे प्रायमर खरवडला गेला तर खाऱ्या पाण्यात दोन धातूंची बॅटरी होते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं, खड्डे पडतात, आरपारसुद्धा. आपल्याला तांबं नसलेला किंवा फार तर कॉपर थायोसायनेटचा रंग, तोही चांगल्या इपॉक्सी प्रायमरवर. आउटबोर्डचा पाय, सेलड्राइव्ह (शिडाच्या बोटीच्या तळातून खाली येणारा इंजिनचा पाय) यांनाही हेच लागू, फायबरच्या बोटीवरसुद्धा, त्याच्या कडेने तळाचा रंग थोडं अंतर सोडून थांबवा.

आणि सगळ्यांसाठी, झिंकच्या तुकड्यांना, म्हणजे बाकी धातूंऐवजी स्वतः झिजणाऱ्या ॲनोडना, रंग लावू नका. हौशी रंगारी सगळं एकसारखं दिसावं म्हणून त्यावरही रोलर फिरवतात आणि मग ॲनोड काहीच काम करत नाही. खोली मोजायच्या ट्रान्सड्यूसरवरही तांब्याचा रंग नको, त्याचा वेगळा मिळतो.

संथपाणी:
एवढं सविस्तर कुणीच सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. अजून दोन गोष्टी. बसलेले बार्नॅकल आता कसे काढू, म्हणजे खालचा थर न खरवडता? आणि इंजिनचं तापमान थोडं वर जायला लागलंय, त्याचा याच्याशी संबंध असेल का?

तळघासू:
संबंध आहे, आणि हे आधी बघा, बाकी नंतर. समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या भोकात तळाचा रंग पोचत नाही, आत अंधार, पाणी सतत ताजं, खाणं आपोआप येतं, बार्नॅकल आणि शिंपल्यांना अशी जागा फार आवडते. बाहेरची जाळी, सीकॉकचा (पाण्याच्या झडपेचा) गळा, होजचं तोंड आणि स्ट्रेनर (पाण्याची गाळणी) सगळं तपासा. पंपातलं पात्यांचं चाक, म्हणजे इम्पेलरही काढून बघा, सुटलेल्या कवचाचे तुकडे त्याची पाती फाडतात. पुढच्या वेळी बारीक ब्रशने भोकाच्या आत जेवढं जाईल तेवढं रंगवा.

बार्नॅकल पाण्यात असताना, ओले असताना प्लॅस्टिकच्या किंवा बोथट पत्र्याने बाजूने ढकलायचे, टोक खाली खुपसायचं नाही. वरचं कवच निघतं आणि खाली पांढरी गोल चकती राहते, त्यावर बोट फिरवलं तर बारीक रेघा लागतात. घाईत लोक तशीच ठेवून वरून रंग मारतात, मग रंग तिथूनच सुटतो. बोट वर काढल्यावर फायबरवरच्या चकत्यांना सौम्य केलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड ब्रशने लावा, फसफसून कॅल्शियम विरघळतं, मग भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे, गॉगल घालून आणि धातूच्या भागांपासून लांब. पंख्यावर ॲसिड नको, तिथे पत्रा आणि नायलॉनची घासणी.

पाण्यात उतरताना इंजिनची चावी खिशात, किनाऱ्याच्या विजेची केबल काढलेली, वर एक माणूस उभा. शेजारच्या बोटींच्या विजेची गळतीसुद्धा पाण्यात येते, म्हणून जेटीला बांधलेल्या बोटीखाली उतरूच नका, मुरिंगवर बरं. जाड हातमोजे आणि अंगभर कपडे घाला, बार्नॅकलने कापलं की जखम लवकर चिघळते, साबणाने धुवून औषध लावा आणि लाल होऊन सुजायला लागलं तर डॉक्टरकडे जायला उशीर करू नका.

सागवानी:
गोड्या पाण्याचा उपाय कुणी सांगितला नाही. जवळ नदीचं मुख असेल तर बोट काही दिवस गोड्या पाण्यात नेऊन ठेवा, मऊ शेवाळ आणि किडे मरतात. बार्नॅकल मात्र कवच मिटून बरेच दिवस काढू शकतात आणि मेले तरी कवच चिकटलेलंच राहतं, म्हणजे घासणं सुटत नाही. फक्त घाण तळ घेऊन एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाऊ नका, परके जीव असेच पसरतात. मोठ्या जहाजांसाठी आयएमओने (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने) २०११ मध्ये याच कारणासाठी मार्गदर्शक नियम काढले आणि २०२३ मध्ये सुधारले, छोट्या बोटींनाही कारण तेच लागू आहे. निघायच्या आधी तळ पुसा.

संथपाणी:
स्ट्रेनर उघडला, आत लहान शिंपल्यांचे तुकडे आणि चिखल निघाला, जाळीची निम्मी भोकं बुजलेली होती. साफ केल्यावर तापमान खाली आलं. तळ कार्पेटच्या तुकड्याने हलक्या हाताने पुसला, रंग जवळपास निघालाच नाही. आता बोट वर काढताना रंग मऊच ठेवू की कडक घेऊ, कारण मी काही रोज चालवणार नाहीये?

तळघासू:
उभ्या बोटीला आणि हाताने पुसायची तयारी असेल तर कडक रंग बरा, तो झिजत नाही, आतलं तांबं हळूहळू बाहेर झिरपतं आणि पुसणं सोसतो. पण दोन गोष्टी. मऊ रंगावर थेट कडक रंग बसत नाही, खालचा सुटला की वरचाही जातो, म्हणून मऊ सगळा काढावा लागेल किंवा डब्यावर सांगितलेला मधला कोट द्यावा लागेल. आणि कडक रंग वर्षानुवर्षं साचून जाड होत जातो, शिवाय बोट बराच काळ बाहेर सुकत राहिली तर त्याचा जोर कमी होतो. तुमची पाण्यातच असते, म्हणून चालेल.

जुना रंग काढताना कोरडा पॉलिशपेपर कधीच मारू नका, ती धूळ विषारी आहे. ओला करून घासा, चांगला रेस्पिरेटर लावा, खाली ताडपत्री टाका आणि गाळ गोळा करा, पाण्यात सोडू नका. नवा डबा उघडला की तळाशी तांबं जड होऊन बसलेलं असतं, वरवर काठी फिरवली तर अर्धं औषध डब्यातच राहतं. तळ खरवडून एकजीव होईपर्यंत ढवळा, आणि रंगवताना मधून मधून पुन्हा ढवळत राहा. बोट उचलायच्या पट्ट्यात लटकत असताना किंवा ठोकळे हलवताना उरलेल्या जागा रंगवून घ्या, आणि डब्यावर सुकायला आणि पाण्यात सोडायला जी वेळ दिलीय ती पाळा.