ब्रेकअपमधून न सावरणारेच बुवांच्या नादी लागतात म्हणे!

आडमुठा: काल एका महाशयांनी लिहिलं की ब्रेकअपनंतर महिनोन्महिने कुढणारी माणसं मुळातच कणाहीन, आणि हीच पुढे एखाद्या नेत्याच्या नाहीतर बुवाच्या पायाशी जाऊन बसतात. डोकंच सटकलं. अहो, समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर कधीच सांगून गेलाय, अनुयायांनी मानला तरच करिश्मा. तेज आपणच चिकटवतो, प्रेमात वेगळं काय करतो? मग ते उतरवायला वेळ लागणारच ना. मानसशास्त्रज्ञ फेस्टिंगरने अभ्यासलेला तो पंथ आठवा, २१ डिसेंबर १९५४ ला जगबुडी येणार होती, आली नाही, तर गप्प बसायचं सोडून लोकं उलट पेपरवाल्यांना फोन करायला लागली. नोकऱ्यांवर पाणी सोडलेली माणसं एका रात्रीत शहाणी कशी होणार?

खडूस_मास्तर: हेही सांगा की त्या इवल्याशा गटात संशोधकांचीच माणसं भक्त बनून घुसली होती. आणि मूळ पोस्टमध्ये चुकीचं काय आहे? माझा रूममेट, ती सोडून गेली आणि हा थेट एका मोटिव्हेशनल गुरूच्या शिबिरात. उशीखाली गुरूचा फोटो. आधी तिचा असायचा.

चिमणी_७: मास्तर, तो कणाहीन नव्हता, एकटा पडला होता. मीही अशाच एकाकडे जायचे. एवढ्या गर्दीत मला नावाने हाक मारली, "तू थकलीयस" म्हणाला, झालं, मी ढसाढसा रडले. पुढच्या वेळी फोनमध्ये डोकं घालून शेजारून निघून गेला. मग कधीतरी अचानक पुन्हा चौकशी. एक्सचंही तेच, आठवडाभर गायब आणि रात्री दीडला "झोपलीस का?" दाण्याचा नेम नसला की मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगातली कबुतरं जास्तच चोची मारायची म्हणे, मी पण मारल्या. शेवटी दोघांनाही ब्लॉक केलं तेव्हा सुटले.

अर्धवटराव: ब्लॉक म्हणजे निव्वळ पळपुटेपणा! मी तिचे सगळे स्टेटस बघतो, काहीही होत नाही.

चिमणी_७: सगळे बघता आणि काही होत नाही. बरं.

आडमुठा: राव, प्रेमावर संशोधन करणाऱ्या हेलन फिशरच्या टीमने २०१० मध्ये नाकारल्या गेलेल्यांना एक्सचा फोटो दाखवून मेंदूचं स्कॅन केलं, तर कोकेनच्या तलफेशी जोडलेले भाग जागे झालेले. तुम्ही रोज तेच करताय.

अर्धवटराव: म्हणजे मी व्यसनी? स्वतःचं सगळं सुरळीत चाललंय म्हणून दुसऱ्याला अक्कल शिकवू नका!

खडूस_मास्तर: पंधरा माणसं होती त्या स्कॅनमध्ये. फक्त १५! बाकी "कणाहीन" जरा जास्तच झालं, घ्या, मानलं. पण रूममेटने शिबिराची फी कर्ज काढून भरली होती, तेव्हा तुमचा वेबर जामीन राहिला नाही.

चिमणी_७: मास्तर, थांबा हो. राव, स्टेटस दिसतात म्हणजे तिने तुम्हाला ब्लॉक केलेलं नाही, नशीबवान आहात.

अर्धवटराव: केलंय. मित्राच्या फोनवरून बघतो. त्याचा इथे काय संबंध?